डाव्या कुशीतले चार डाग

कुणी मारला माझा भिमा? पाच महिने मायाक्काच्या डोक्यात हेच एक घुमत होतं. मंद्रूपच्या माळावर, तोंडावर घोंगडं घेतलेल्या कुणीतरी तिच्या नवऱ्याला कुऱ्हाडीनं फोडला होता. जीव जाताना भिमा एवढंच म्हणाला, "म्या बी सोडला न्हाय. डाव्या कुशीत काठी घातली. बरगड्या मोडल्या बघ त्याच्या."

झालं! बाई बाजारात शिरली की दिसेल त्या बाप्याच्या डाव्या कुशीत कोपर हाणायची. कुणी आई-बहिणीवरून शिव्या घातल्या, एकानं तर कानाखाली वाजवली. पण बरगडी मोडल्यासारखा कळवळला कुणीच नाही. थोरला दीर ज्ञानबा तेवढा राहिला. थोरल्या दिराच्या अंगाला हात लावायची रीत नव्हती, आणि तसं तिच्या मनातही आलं नाही. तोच तर तिची मेंढरं राखत होता.

पुढं ज्ञानबाला लघवीच्या जागी कॅन्सरची गाठ निघाली. सोलापूरच्या डॉक्टरांनी त्याला मुंबईला धाडलं. तिथं सुई टोचून, यंत्राखाली निजवून अख्ख्या सांगाड्याचं चित्र काढलं. रोग हाडात उतरला असला तर तिथं काळा डाग उमटतो म्हणे.

मायाक्का त्याच्या सोबतीला गेली होती. ते चित्र घेऊन दोघं सोलापूरच्या डॉक्टरांकडे परत आले. डॉक्टरांनी ते उजेडावर धरलं. मायाक्का पदर सावरून दाराशी उभी राहिली.

"हाडात रोग गेलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "औषध घेतलंत तर अजून पुष्कळ जगाल."

मायाक्कानं हात जोडले.

"पण हे चार डाग वेगळेच दिसतात. डाव्या बरगड्या, एकाखाली एक, सरळ रेषेत. मोडून सांधत आलेलं हाडही असंच काळं दिसतं. हा मार आहे, ज्ञानबा. चार-सहा महिन्यांत कुणी काठी घातली होती का?"

"पडलो हुतो," ज्ञानबा पुटपुटला. त्याची मान वर येईना.

मायाक्काच्या अंगाची लाही लाही झाली. हा? ह्याच्या ताटात रोज भाकरी वाढली मी! तिनं झेप घेऊन त्याचा फेटा धरला आणि डोकं टेबलावर आपटलं. पुन्हा आपटलं. नाक फुटलं, रक्त डॉक्टरांच्या सदऱ्यावर उडालं.

"का मारलास रं मुडद्या? पाठचा भाऊ हुता की तुजा!"

"मेंढरांची वाटणी मागत हुता," तो रक्त थुंकत म्हणाला.

तिनं त्याचा गळा आवळला. कंपाउंडर धावत आला, तरी बोटं सुटेनात.

"सोडा बाई, मरेल तो!" डॉक्टर ओरडले.

तसे तिचे हात ढिले पडले. ती धापा टाकत डॉक्टरांच्या पायाशी बसली.

"मरू देऊ नका सायेब. पाया पडते. चांगला बरा करा त्याला. फासावर चढवायला मानूस जिता लागतो."