मालासोबतचा माणूस

माझ्या नवऱ्याला आमचे नातेवाईक पाठीमागे ‘निम्मेसाहेब’ म्हणतात. जगातली कुठलीही गोष्ट त्याने लोकांच्या निम्म्या पैशांत केलेली असते. आमचा फ्रीज निम्म्यात आलाय, म्हणून त्याचं दार दोरीने बांधावं लागतं. लग्नाचे फोटो निम्म्यात काढलेत. त्यात मी पूर्ण आहे आणि नवरदेव बऱ्याच ठिकाणी खांद्यापासून कापलेला आहे. दिवसभर पाणी खात्यात बसून लोकांच्या तक्रारींवर शिक्के मारायचे आणि घरी आल्यावर स्वस्त प्रवासाचे व्हिडिओ करून फोनवर टाकायचे, हा त्याचा उद्योग. बघणारे थोडेच. त्यातले बरेचसे माझ्या माहेरचे, आणि तेही हसायला बघतात.

तर अशा माणसाच्या घरी मावशीचा फोन आला.

मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण. बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाशी लग्न करून ती बेटांच्या माळेतल्या एका लांबच्या बेटावर गेली आणि तिकडचीच झाली. त्याआधी माझ्या नवऱ्याला तिनेच कडेवर वाढवलेलं. सासूबाई नोकरीला जायच्या आणि हा मावशीच्या हातचं जेवायचा, तिच्याच कुशीत झोपायचा. ती गेली तेव्हा म्हणे तो दारातून हलेना.

“डोळ्यांचं काही खरं नाही बघ ताई,” मावशी फोनवर म्हणाली. “एक गेलाच. दुसऱ्याचा पडदा सुटत चाललाय. डॉक्टर म्हणतात, आता ऑपरेशनचाही उपयोग नाही, आहे तोवर बघून घ्या. एकदा तुझं तोंड बघू दे मला. आणि त्यालाही आण. चड्डीत होता तेव्हा सोडून आले, बाप्या झालेला बघितलाच नाही.”

सासूबाईंनी फोन ठेवला आणि तडक कपाटातून आपली पिशवी काढली. “विमानाने जाऊ,” त्या म्हणाल्या. “पैसे माझे.”

नवरा हसला. मला ते हसणं ओळखीचं आहे, त्याच्यानंतर नेहमी घोळ होतो.

“आई, विमानाने जातात ते भाबडे लोक. एका बेटासाठी एवढे पैसे? त्यात आपण बेटामागून बेट करत सगळी माळ बघू. निम्म्यात!”

“मला माळ नाही बघायची. माझी बहीण बघायचीय.”

“दोन्ही होईल गं. तू बघच.”

मी शिवणाचे क्लास घेते. कापड कमी पडणार आहे हे गिऱ्हाईक बोलायला लागलं की मला कळतं. मी म्हटलं, “अहो, डोळे थांबायचे नाहीत तुमच्या सवलतीसाठी.” त्यावर मला नकारात्मक विचार न करण्याचा सल्ला मिळाला.

पहिल्या बेटावर आम्ही एका लांबलचक खोलीत उतरलो. एकावर एक लोखंडी खाटा, आणि नळाला येणारं पाणी खारट. सासूबाईंना वरची खाट मिळाली, कारण वरची स्वस्त होती. मी भांडून ती खाली आणली. आजूबाजूला सगळी तरुण पोरंपोरी, पायात फाटक्या चपला आणि हातात माझ्या शिलाई मशीनपेक्षा महाग फोन. त्यांचं सगळं बोलणं कोण किती कमी पैशांत कुठे झोपलं यावर. एक जण बीचवर झोपला म्हणून कौतुक, तर दुसरा बसस्टँडवर झोपला म्हणून त्याहून जास्त कौतुक. सकाळी हीच मंडळी रस्त्याच्या कडेला बसलेल्या नारळवालीशी एका नारळासाठी घासाघीस करत होती आणि जिंकल्यावर टाळ्या देत होती. माझा नवरा त्यांच्यात असा रमला, जणू याला हरवलेली भावंडं सापडली. मला त्या सगळ्यांचा मनापासून राग आला. गरिबीची हौस असणाऱ्यांना एकदा खरी गरिबी चाखायला द्यावी, असं वाटलं.

दुसऱ्या बेटावर आम्ही रखडलो. रोजची लाँच महाग, म्हणून याने आठवड्याची स्वस्त लाँच धरायची ठरवलं, आणि ती आदल्याच दिवशी गेलेली. कुणाला विचारायचं नाही हा त्याचा नियम. “इथले लोक आपल्या मेव्हण्याच्या हॉटेलात पाठवतात.” त्यामुळे जे धक्क्यावरच्या कुठल्याही पानवालीने सांगितलं असतं, ते कळायला आम्हाला मुक्काम करावा लागला. सासूबाई रोज संध्याकाळी मावशीला फोन लावायच्या.

“दिसतंय ना गं?”

“दिसतंय, दिसतंय. खिडकी दिसते. तू निघालीस ना?”

“निघाले.”

मग फोन ठेवून त्या पोराकडे बघत बसायच्या. बोलायच्या काही नाहीत. मला वाटायचं, बोलाव्यात; आमच्या घरात त्याला बोलण्याचं कंत्राट काय मी एकटीने घेतलंय?

तिथेच त्याला तो शोध लागला. मालाच्या बोटीवर मालासोबत जाणाऱ्या माणसांना निम्मं भाडं! गोदामात एक व्यापारी कोंबड्यांची खुराडी पाठवत होता आणि सोबत जायला त्याचा माणूस तयार नव्हता. नवऱ्याने लगेच हात वर केला. तीन माणसं, निम्मं भाडं, वाटेत कोंबड्यांना दाणापाणी आपण करायचं. माल नोंदवणारी बाई खिडकीतून म्हणाली, “कोंबड्या कुठल्या बेटाच्या ते बघितलंत ना? माल जिथे उतरतो तिथेच माणूस उतरतो.” हा तिच्या खिडकीचा व्हिडिओ काढण्यात गुंग. “हो हो,” म्हणाला.

मी बाजूलाच होते. बोटीवर चढल्यावर विचारलं, “आपल्या कोंबड्या मावशीच्याच बेटावर जातायत ना?”

“पुढच्या. पण वाटेत मावशीचं बेट लागतंच. उतरताना कोण विचारतंय?”

बोट म्हणजे तरंगतं गोदाम. सिमेंटच्या गोण्या, पत्रे, गॅसच्या टाक्या, एक आडवा पाडलेला फ्रीज, आणि आमची खुराडी. बसायला जागा म्हणजे गोण्या. सासूबाई एका गोणीवर पाय लोंबकळत सोडून बसल्या आणि मी कोंबड्यांना पाणी पाजत फिरले, कारण साहेब व्हिडिओत ‘स्थानिकांसारखा प्रवास’ समजावून सांगत होते. स्थानिक सगळे लाँचने गेले होते. आमच्याशिवाय त्या बोटीवर जे होते ते पगारावर होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीचं बेट आलं. आलं म्हणजे समोर दिसलं. खडकांमुळे मोठी बोट धक्क्याला लागत नाही, बाहेरच थांबते. किनाऱ्यावरून होड्या येतात, आणि क्रेनला जाळं बांधून त्यातून माल खाली सोडतात. धक्क्यावर छत्री घेऊन कुणीतरी उभं होतं. सासूबाईंनी कठडा घट्ट धरला. “तीच आहे,” त्या म्हणाल्या. एवढ्या लांबून कसं कळलं कोण जाणे.

नवरा पिशव्या घेऊन पुढे झाला. माल उतरवून घेणाऱ्या मुकादमाने त्याची पावती बघितली आणि परत दिली.

“तुमच्या कोंबड्या पुढच्या बेटाच्या आहेत.”

“आम्ही इथे उतरतोय. कोंबड्या जाऊ देत.”

“तसं नाही चालत. इथे फक्त इथला माल उतरतो.”

“अहो, पाच मिनिटांचं काम आहे!”

“माणसं उतरवायची तर लाँचने यायचं होतं. लाँच लागते की धक्क्याला.”

नवऱ्याने आवाज चढवला, मग उतरवला, मग मुकादमाला त्याच्या बोटीची व्हिडिओतून जाहिरात करून देतो म्हणाला. मुकादम पत्रे मोजत राहिला. धक्क्यावरची छत्री हलली. मला रडू येईना इतका संताप आला होता. आयुष्यभर मी याच्या निम्म्यात निभावून नेलं, दोरी बांधून फ्रीज चालवला, पण हे म्हातारीचं होतं, आणि हे मी त्याच्या निम्म्यावर सोडणार नव्हते.

“वजनकाटा कुठाय तुमचा?” सासूबाईंनी विचारलं.

मुकादमाने बोट दाखवलं. त्या काठी टेकत गेल्या आणि गोण्यांच्या काट्यावर चढून उभ्या राहिल्या.

“करा वजन. इथला माल आहे मी. त्या छत्रीवालीचा.”

खलाशी हसायला लागले. मुकादम नाही हसला. त्याने काट्याकडे बघितलं, धक्क्याकडे बघितलं, थोडा वेळ खडू हातात फिरवला आणि सासूबाईंच्या काठीवर त्या बेटाचा आकडा लिहिला, जसा गोण्यांवर लिहितात.

“मालाच्या दराने पावती होईल,” तो म्हणाला.

“होऊ दे.”

मी काही विचार न करता काट्यावर चढले. माझ्या पिशवीवरही आकडा आला. मागून नवरा घाईघाईने आला. “मीही!”

“तुम्ही नाही,” मुकादम म्हणाला. “कोंबड्यांना पाणी कोण पाजणार?”

माझ्या नवऱ्याने काट्यावर ठेवलेला पाय मागे घेतला. आणि मग, खोटं सांगत नाही, त्याने आमच्या पावत्यांकडे वाकून बघितलं आणि म्हणाला, “म्हणजे माल म्हणून तर निम्म्याहूनही कमी पडलं!”

“तुम्ही बसा कोंबड्यांत,” मी म्हटलं. “तुमची जागा तीच आहे.”

जाळ्यात खाली फळ्या टाकल्या होत्या. तो आडवा फ्रीजही इथलाच निघाला; सासूबाई त्याला धरून बसल्या, मी त्यांना धरून. क्रेन कुरकुरली, पाय अधांतरी झाले, आणि मी डोळे मिटले. त्यांनी मिटले नाहीत.

होडी धक्क्याला लागली तशी मावशीने छत्री टाकून दिली. सासूबाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिने अगदी नाकाजवळ ओढला, मान तिरकी केली, उरलेला डोळा लावला आणि किती तरी वेळ बघत राहिली.

“किती म्हातारी झालीस गं ताई!” ती म्हणाली.

“दिसतंय तुला!” सासूबाई ओरडल्या, आणि त्यांच्यासारखी बाई लहान मुलीसारखी हुंदके देत रडली. मग मावशीने मलाही तसंच जवळ ओढून बघितलं. “बरी आहेस दिसायला,” म्हणाली. “तो कुठाय?”

मी बोटीकडे हात केला. कठड्याशी तो उभा होता, हातात पाण्याचा डबा. मावशी बराच वेळ त्या दिशेला बघत होती, पण तेवढ्या लांबचं तिला दिसत नव्हतं. “येईल ना तो?” तिने विचारलं. “येईल,” सासूबाई म्हणाल्या.

पुढच्या बेटावर कोंबड्या उतरवून त्याला परतीची बोट मिळायला आठवड्याहून जास्त वेळ गेला. तिथल्या रोजच्या लाँचने तो तिसऱ्या दिवशीच आला असता. फोनवर म्हणाला, तुमच्या बेटाच्या मालासोबत मालाची बोट मिळतेच आहे, कशाला उगाच दुप्पट घालवा. मी फोन आपटला. मधल्या दिवसांत मावशीने खिडकीजवळ बसून आम्हा दोघींना रोज बघितलं. आधी खिडकी पुसट झाली, मग आमचे चेहरे. एका सकाळी तिने चहाचा कप धरायला हात पुढे केला तो कपाच्या बाजूला गेला. सासूबाईंनी कप तिच्या हातात दिला.

तो आला तो घामाघूम, अंगाला कोंबड्यांचा वास. दारातूनच फोन वर धरून म्हणाला, “मावशी, ओळखलंस का?”

मावशी आवाजाच्या दिशेने उठली. तिने हात पुढे केले, ते आधी फोनला लागले. तिने तो बाजूला सारला आणि त्याच्या कपाळावरून, नाकावरून, गालांवरून बोटं फिरवली. प्रवासात त्याची दाढी वाढली होती.

“दाढी आली की रे तुला!” ती म्हणाली. आणि मग हळूच, “काळी आहे का पांढरी?”

फोन त्याने कधी खाली ठेवला मला दिसलं नाही. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला होता, तिचे दोन्ही हात गालांवर तसेच धरून.

“निम्मी, मावशी,” तो म्हणाला. “निम्मी पांढरी झालीय.”