मागे राहिलेला आवाज

"यावर आजवर कोणाचा विश्वास बसलेला नाही, तुझाही बसणार नाही," मी नेहलला म्हणालो, "पण ह्या गाडीच्या किकने सेबेस्टियनला त्या समोरच्या फणसावर नेऊन बसवलं होतं."

नेहलने फणसाकडे पाहिलं, मग पडवीत उभ्या असलेल्या माझ्या बुलेटकडे. जुनी गाडी, एका सिलिंडरची, बिडाच्या इंजिनाची.

"चढला असेल स्वतःच, अंकल."

"माझा दोस्त, पाचूबंदरचा कोळी तो. डोलकाठीवर चढेल. फणसावर चढायचं तर त्याला लाज वाटते."

नेहल एव्हरशाईन सिटीतून आली होती, स्वतःच्या गाडीवर, फाटकावरची पाटी वाचून. 'बुलेट विकणे आहे.' पाटी लावायला ग्लेनने सांगितलं. ग्लेन माझा मुलगा, मेलबर्नला असतो. पप्पा, चालवत नाही तर विकून टाका, म्हणाला. बापाने पहिल्या झटक्यात ऐकलं याचं त्याला अजून नवल वाटतं. नवल कसलं? माझी बायको प्रिस्का गेल्यावर ह्या फाटकाची कडी कोणी वाजवत नव्हतं. उमेळ्यात आमच्या आळीतल्या वाड्या एकेक करून गेल्या, तिथे इमारती आल्या, आणि इमारतीतला माणूस लिफ्टने घरी जातो, त्याला वाटेत कोणाचं फाटक लागत नाही. पाटी लागली तशी चर्चमधली रविवारची मिस्सा आटपून मी येतो तोवर कोणीतरी फाटकाशी उभं असतं. बसतं, चहा घेतं, ऐकतं. फक्त एक सांभाळावं लागतं. किकला कोणी पाय लावला की खेळ खलास. म्हणून कोणी किकजवळ सरकलं की मी सेबेस्टियनला फणसावर पाठवतो.

"काय काय टाकलंय आत?" नेहलने विचारलं. तिने घरी स्वतःची गाडी खोलून बांधलेली, असं येता येताच सांगून टाकलं होतं. अशी माणसं ऐकायला बरी, पण जरा जपून.

"बोअर मारून मोठा पिस्टन. उंच डोक्याचा. कार्बोरेटर मोठा, कॅम नवा, सायलेन्सर मोकळा. हेडची तोंडं तर मी ह्याच बाकावर बसून हाताने घासलीत. प्रिस्का म्हणायची, एवढा हात माझ्या टोपांवर चालवला असता तर त्यात तोंड दिसलं असतं."

"कॉम्प्रेशन वाढलं की किक उलटी मारणारच. पण फणसापर्यंत नाही मारत, अंकल."

"त्या दिवशी वारा होता."

ती हसली. मी चहा पुढे केला आणि गोष्ट पुढे ढकलली. "वर गेला तो गेला. उतरायला तयार नाही. म्हणे, इथून अर्नाळ्याच्या होड्या दिसतायत, कोनाला किती पापलेट मिळाली ते सांगतो. शेवटी प्रिस्काने आंबे काढायच्या आकडीला डबा बांधून त्याला जेवण वर पाठवलं. खालून दम दिला, कालवण सांडलंस तर पुन्हा मिळणार नाही. हा वरून म्हणतो, पानी पन पाठव वयनी."

"आणि फणस?"

"त्या वर्षी धरलाच नाही. लाजला."

नेहलचा कप रिकामा झाला. तिने हेल्मेट उचललं आणि सगळेच विचारतात ते विचारलं. "एकदा स्टार्ट करून बघू?"

"बघू की. आधी राजोडीचं ऐक."

ती पुन्हा बसली.

"प्रिस्काचं मागणं एकच असायचं. राजोडीच्या किनाऱ्यावर जायचं, सूर्य बुडताना बघायचा. आणि मी कायम गाडी उघडून बसलेला. हा पिस्टन बसू दे, म्हणायचो, मग बघ कसा नेतो. तर पिस्टन बसला, आणि त्याच संध्याकाळी तिला मागे घेतलं. आळीच्या वळणावरच्या क्रुसाजवळ तिसरा गिअर टाकला आणि एकदम सगळं शांत."

"बंद पडली?"

"आवाज मागे राहिला. गाडी पुढे, आवाज मागे. बुलेटवर मागच्याचं बोलणं कधी ऐकू येतं का? मला तिचा शब्दन् शब्द ऐकू येत होता. राजोडीला सुरूच्या बनात गाडी लावली, सूर्य बुडाला, परत आलो. इथे, ह्या पायरीवर चपला काढतोय, तर क्रुसाच्या वळणावर आमचाच आवाज आला. धग, धग, धग. आणि प्रिस्काने काय करावं? आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं."

"का?"

"सवय. वळणावर माझा आवाज आला की ती आधण ठेवायची. मी गाडी आत घेऊन हातपाय धुवेपर्यंत चहा तयार. मी म्हटलं, अगं, मी हा इथे बसलोय. तर म्हणाली, तुम्ही बसलाय, पण येणाऱ्याला चहा नको?"

इथे बहुतेक जण हसतात. नेहल हसली नाही.

"सगळा आवाज अजून आलेला नाही," मी म्हणालो. "थोडा वाटेतच आहे. म्हणून मी संध्याकाळी फाटकाकडे तोंड करून बसतो."

ती उघड्या दारातून आत बघत होती. आत देवाच्या आल्तारावर प्रिस्काचा फोटो आहे, पुढे मेणबत्ती. "ती मेणबत्ती पिस्टनमध्ये उभी आहे?"

"जुना पिस्टन. काढला तो. टाकून कशाला द्यायचा?"

"आणि शेजारचं चिकटपट्टीबंद खोकं?"

"प्रिस्काची वस्तू."

हे खोटं नव्हतं. तिच्यासाठीच आणलेलं.

"बरं अंकल, निघते मी," ती म्हणाली आणि हेल्मेट कोपरात अडकवलं.

जाऊ द्यायला हवं होतं. पुढच्या रविवारी दुसरं कोणी आलं असतं. पण रविवारची दुपार कशी सरकते, ते घरात एकटा असणाऱ्यालाच ठाऊक. "अर्धा कप अजून घे," मी म्हटलं, आणि हो-नाही ऐकायच्या आत स्वयंपाकघरात शिरलो. आधण ठेवलं. आलं ठेचत होतो, तेवढ्यात पडवीतून आवाज आला. ठक्. पोकळ, रिकाम्या डब्यावर बोट मारल्यासारखा.

मी बत्ता हातात घेऊनच बाहेर आलो. नेहल गाडीजवळ उकिडवी बसली होती. पाय नाही, तळहात ठेवला होता किकवर. तिने पुन्हा दाबली. शिलाई मशीनचं पायडल दाबावं तशी, कुठेही न अडता, किक खाली गेली.

"आज वारा पडलाय," मी म्हणालो.

ती उठली. हात पुसले. दारातून पुन्हा एकदा आल्ताराकडे पाहिलं, मेणबत्तीकडे, खोक्याकडे. मग कोपरातलं हेल्मेट काढून तिने बाकावर ठेवलं आणि बसली.

"अंकल, आत पिस्टनच नाहीये. जुना मेणबत्तीखाली आहे, आणि नव्याच्या खोक्याची चिकटपट्टीसुद्धा कोणी काढलेली नाही. तुम्ही दोघं राजोडीला गेलाच नव्हतात."