चादरीची घडी

“मावशी, ती चादर काढा आधी.”

मुक्ताबाईने चादरीचं टोक नवऱ्याच्या गळ्यापर्यंत आणलंच होतं. ती सिस्टर ऋतुजाकडे बघतच राहिली.

“पाय गार पडलेत की ह्येंचे. हात तर लावून बघा.”

“असू द्या. अंगात ताप चढू द्यायचा नाही, डॉक्टरांनी सांगितलंय.”

आता याला काय म्हणावं? काल छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात आणलेल्या नागनाथचं काळीज तपासता तपासताच बंद पडलं. डॉक्टरांनी छाती दाबून, झटके देऊन ते पुन्हा चालू केलं. तेव्हापासून तो शुद्धीवर नव्हता. आणि आता तीच माणसं त्याला एसीत उघडा ठेवत होती. पाय गार पडले की सुंठ चोळायची, पांघरूण घालायचं, एवढं तर शेंबडं पोरही सांगेल.

मुक्ताबाईचा जन्म गेला चादरीच्या कारखान्यात काठाच्या सुतांच्या दशा वळण्यात. कुठल्या कुठल्या मुलखातली माणसं तिच्या हातच्या चादरीत झोपत असतील. आणि घरचा माणूस उघडा. लोक तोंडात शेण घालतील, असं तिला वाटलं.

तेवढ्यात ऋतुजाने मशीनवरचा ऑक्सिजनही कमी केला.

“सिस्टर, खरं सांगा. सोडून दिलं का ह्यास्नी?”

ऋतुजा हातातलं काम टाकून जवळ आली. “नाही हो मावशी. काळीज थांबलं तेव्हा मेंदूला, किडनीला रक्त मिळालं नाही. ते अवयव नाजूक झालेत आता. तापानं आणखी बिघडतात. ऑक्सिजनही गरजेपेक्षा जास्त झाला तर बाधतो. लागेल तेवढाच द्यायचा.”

“मग उठतील न्हवं?”

“ते आज नाही सांगता येत.”

निम्मं कळलं, निम्मं डोक्यावरून गेलं. हवा जास्त झाली म्हणून कुणाला बाधते होय? उबेनं माणूस बिघडतो होय? जन्मभर जिला माया म्हटलं तीच आज उलटी निघाली. तिला रडूही येईना, भांडूही येईना. तिने चादर उचलली, दशा सारख्या केल्या, घडी घातली. मग पदर हातात धरून ती नवऱ्याला वारा घालू लागली. ऋतुजाने थोडा वेळ घालू दिला.

भेटीची वेळ संपली. बाहेरच्या बाकावरही एसीचा गारठा होता. मुक्ताबाईला हुडहुडी भरली. शेजारी अक्कलकोटची पार्वतम्मा बसली होती, तिचाही पेशंट आतच होता.

“मांडीवर चादर हाय की तुमच्या,” ती म्हणाली. “घ्या की अंगावर.”

“ह्येंचं अंग उघडं हाय,” मुक्ताबाई म्हणाली, आणि घडीवर हात ठेवून तशीच बसून राहिली.