मिचिनोरीचे कोरे बूट

माझ्या नवऱ्याचे बूट मी टाकून द्यायचं ठरवलं, कारण ते कुठेतरी जाऊन येत होते.

गंमत नाही सांगत. गेल्या हिवाळ्यात जपानमधल्या ओतारूच्या आमच्या चढावर बर्फाची काच झाली, तेव्हा मीच ते मिचिनोरीसाठी निवडून आणले. तळाला रबराचे खोल दात, टाचेत पोलादी खिळे. त्याच संध्याकाळी तो आईसाठी तोफू आणायला निघाला. कोरे बूट पायात घालणार, तोच सासूबाई कडाडल्या, "दिवेलागणीला नवं पायताण? ते प्रेताला घालतात! जुने घाल."

"बघ, वरून हुकूम आला," मला डोळा मारत तो म्हणाला आणि झिजल्या तळाचे जुने बूट घालून गेला. कोपऱ्यावर पाय सटकला, डोकं मागे आपटलं. घरी आला तो पांढऱ्या कापडाखाली.

तेव्हापासून मी सासूबाईंशी कामापुरतंच बोलते. कोरे बूट दाराशी तसेच होते. या हिवाळ्यात मात्र गोठलेल्या दिवशी मी उठावं, तर त्यांच्या दातांत वाळू अडकलेली असायची. घसरू नये म्हणून रस्त्यावर टाकतात ती, कोपऱ्यावरच्या पेटीतली. अंगावर काटा यायचा. बिचाऱ्याला अजून घर सापडत नाहीये, असंच वाटायचं.

आज कचऱ्याची गाडी येणार होती. बूट पिशवीत भरायला मी लवकर उठले, तर ते जागेवर नव्हते. हाताला लागलं ते पायात अडकवून मी बाहेर धावले. कोपऱ्यावर कुणीतरी वाकून वाळू पसरत होतं. पायात तेच बूट.

"मिचिनोरी!" मी ओरडले आणि घसरले. दंडावर घट्ट पकड बसली.

सासूबाई होत्या.

"नीट चाल की गं! तीच जागा मिळाली तुला पडायला?"

"आणि तुम्ही पडलात म्हणजे? या वयात, त्याच्या बुटांत?"

"नाही पडत. उजाडल्याशिवाय घालतच नाही मी."

त्यांची पावलं लहान मुलीएवढी. "बूट पायातून निघत नाहीत?" मी विचारलं.

त्यांनी खाली पाहिलं. "आत जागाच उरत नाही. तो असतो ना."

वर्षभर जपलेला माझा राग कुठे गेला कुणास ठाऊक. उरला तो हेवा. गोठलेल्या प्रत्येक सकाळी तो आईबरोबर चालत होता, आणि मी घरात त्यालाच घाबरत होते.

"आई, मला एकदा घालू द्या."

त्या वाळूच्या पेटीवर टेकल्या आणि नाड्या सोडू लागल्या.

"घाल," त्या म्हणाल्या. "आता उजाडलंय."