व्यंकय्याची खिडकी

मित्रांनो, मी सोलापुरातल्या एका विणकराच्या घरचा हातमाग आहे. मला जुना म्हणालात तरी मी रागावणार नाही. सोलापूरच्या हवेत जो माग जुना होईपर्यंत टिकतो, तो काही ऐरागैरा नसतो.

माझी सागवानी चौकट सुताराने उभी केली, आणि माझा मालक व्यंकय्या याने माझ्यासाठी घराच्या भुईत खड्डा खणला. त्या खड्ड्यात पाय सोडून तो बसे, पायाखालच्या पावड्या दाबी आणि धोटा इकडून तिकडे पळवी. लोकांना वाटते, खड्डा पाय सोडण्यापुरता असतो. पण त्याचे मोठे काम वेगळेच आहे. भुईच्या पोटातली ओल तो सुताला पुरवतो. सूत जरा दमट असले की वाकते, ताण सोसते. कोरडे पडले की कडकन तुटते. आणि कोरडेपणात आमच्या गावाचा हात धरणारे गाव तुम्ही शोधूनच दाखवा.

इथली हवा मी बाराही महिने सुतावर झेललेली आहे. पावसाळा आमच्याकडे येतो, पण हात आखडून येतो. ज्येष्ठ-आषाढात ढग गावावरून जातात, खाली बघतात आणि पुढची वाट धरतात. खरा पाऊस भाद्रपदात. तेव्हा सुताला लावलेली खळ वाळता वाळत नाही आणि घरधनीण नागम्मा दिवसभर आभाळावर कुरकुरते. आश्विनात ऊन पुन्हा डोके वर काढते. थंडी म्हणाल तर मार्गशीर्ष-पौषात पहाटे चादर लागते, आणि दुपारी अंगात सदरा नकोसा होतो. बाकी सारे ऊनच. चैत्र-वैशाखात तर भिंतीला हात लावला तरी चटका बसतो, आणि माणसे दुपारी दारे ओढून अंधारात बसतात. असल्या दिवसांतही माझ्यावर लुगडी निघत. व्यंकय्याचा माग उन्हाळ्यातही सूत तोडत नाही, असे आमची सारी गल्ली म्हणे. मला याचा फार अभिमान होता, आजही आहे.

एके वर्षी मार्गशीर्षात व्यंकय्याने माझ्यासमोरच्या पश्चिमेच्या भिंतीला खिडकी पाडली. गल्लीत कोणाच्याही मागाच्या खोलीला खिडकी नव्हती. दिवसा दिवा लावायला नको, वारा खेळता राहील, असे तो येईल त्याला सांगे. शेजारी बघायला येत, तर हा त्यांना माझ्याजवळ बसवी आणि वारा लागतो का विचारी. थंडीचे दिवस होते. वारा सगळ्यांनाच गोड लागला आणि व्यंकय्याची छाती फुगली.

त्याच थंडीत त्याच्या मुलीचे, अक्कम्माचे लग्न ठरले. मुहूर्त वैशाखातला निघाला. नवरा मुलगाही विणकरच, पण पार भिवंडीकडचा. या घरची रीत अशी की मुलीच्या लग्नाचे लुगडे बापाने घरच्या मागावर विणायचे. विकतचे लुगडे नेसून या घरातली एकही मुलगी बोहल्यावर चढली नव्हती. चैत्र लागताच व्यंकय्याने हळदी रंगाचे सूत माझ्यावर चढवले.

आणि माझ्या नशिबाचे फासे फिरले. धोटा चार वेळा पळावा तोच एखादा धागा तुटावा. व्यंकय्याने गाठ मारावी, पुन्हा सुरू करावे, की दुसरीकडे कडकन आवाज. वीतभर कापड झाले ते गाठींनी भरलेले. त्याने खळ बदलून पाहिली. दृष्ट लागली म्हणून माझ्या चौकटीला लिंबू-मिरची बांधली. शेवटी माझ्यावरच घसरला. लग्न तोंडावर आले होते, कापड पुढे सरकत नव्हते.

"म्हातारा झालाय ह्यो," तो एका संध्याकाळी नागम्माला म्हणाला. "उद्या खोलून ठिवतो. लुगडं बाजारातनं आणू."

अक्कम्मा तिथेच बसून चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. तिचा चरखा थांबला. मित्रांनो, मला वाचा असती तर मी त्या दिवशी ओरडून सांगितले असते. इतक्या वर्षांचे माझे नाव एका वितीत धुळीला मिळत होते, आणि कारण माझ्या समोरच्या भिंतीत आ वासून उभे होते.

दुसऱ्या दिवशी नागम्माने लग्नाचे पापड लाटले. घराच्या धाब्यावर, मातीच्या छपरावर, शेजारच्या शेळ्या चढत, म्हणून तिने ते घरातच, खिडकीखाली जुन्या धोतरावर पसरले. व्यंकय्या माझी दोरी सोडायला बसला होता. दुपार व्हायच्या आतच नागम्मा पापड उलटायला आली आणि एक पापड हातात घेऊन तशीच उभी राहिली. पापड कडक होऊन वाळला होता. तिने पापडाकडे पाहिले, मग माझ्या सुताकडे.

"अवो, ती दोरी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ह्या पापडांना उनाची तिरीपबी लागली न्हाय, तरी बगा. जितं माझा पापड सावलीत वाळतो, तितं तुमचं सूत वलं कसं ऱ्हाईल?"

व्यंकय्या खड्ड्यात उतरला. तळाची माती त्याने बोटाने उकरली, ती भुकटी होऊन आली. त्याने मान वर करून खिडकीकडे पाहिले. तिच्यावर त्याचा किती जीव होता, ते मला ठाऊक होते. मग तो उठला, माती कालवली आणि स्वतःच्या हाताने खिडकीत विटा रचल्या. शेजारी विचारायला आले, तर मान खाली न घालता म्हणाला, "चैत्रातलं वारं सुताला सोसत न्हाय. माझं चुकलं." त्या दिवशी तो मला फार मोठा वाटला.

खड्ड्यात घागरी ओतल्या, दाराला ओले पोते टांगले. पहाटे धोटा सुटला तो थांबलाच नाही. बाहेर गाव भाजत होते आणि माझ्यावर हळदी लुगडे हातहात वाढत होते. लग्नाच्या आधी ते उतरले. पहिली गाठींची वीत कापून टाकावी म्हणून व्यंकय्याने कात्री घेतली, तेव्हा अक्कम्माने त्याचा हात धरला.

"नायना, त्याला हात लावू नका," ती बापाला म्हणाली. "ती तुमची खिडकी हाय. मी संगं नेनार."

त्या गाठी कमरेला आत खोचून ती बोहल्यावर चढली.

पुढे ती बाळंतपणाला आली तेव्हा लुगडे विरले होते. त्याचे तिने बाळाला दुपटे शिवले होते, आणि गाठींची वीत नेमकी उशाकडे घेतली होती. भिवंडीच्या दमट हवेत सूत मुळीच तुटत नाही, पण पापड काही केल्या वाळत नाही, असे ती बाळाला मांडीवर घेऊन सांगत होती. व्यंकय्या ऐकत होता आणि नातवाच्या मुठीतल्या त्या गाठी चाचपत होता. मग उठला, घागर घेऊन आला आणि माझ्या खड्ड्यात पाणी ओतले.

आता मी कोपऱ्यात उभा असतो, कधीमधीच चालतो. तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. तुमच्या घरी माग असला तर त्याची धूळ पुसा, त्याच्या खड्ड्याला पाणी दाखवा. आणि त्याने सूत तोडले, तर त्याला म्हातारा म्हणण्याआधी घरात पापड कुठे वाळतो तेवढे बघा.