खडूचा जिना

आत्याला गोल खिडकी हवी होती म्हणजे हवीच होती. गाण्याच्या वर्गासाठी ती तीन मजली इमारत बांधणार होती. जिना वळत वळत जिथं संपतो, तिथं अगदी माथ्यावर विहिरीच्या तोंडाएवढी काच. सकाळचं ऊन तिच्यातून पायरी पायरीनं खाली उतरेल आणि गाणाऱ्या पोरी त्याच उन्हावर पाय देत वर चढतील, असं तिच्या मनातलं चित्र.

ते कागदावर उतरवलं होतं भाचीनं. स्वतःच्या नावावरचं हे तिचं पहिलंच काम. खिडकी काढताना तीही हरखून गेली होती. आता नकाशावर सही करायची वेळ आली आणि तिचा हात अडला.

"आत्या, ही काच पुसायची कशी?"

"पाऊस पुसेल."

"आणि आतून?"

"आतून तुझे काका आहेत की! घरात पुसायचं ठेवलंय काय त्यांनी?"

आत्याचे यजमान, म्हणजे काका, होतेच तसे. खांद्यावर फडकं, ओठात शीळ. समोर येईल ते पुसून लख्ख.

"अगं, कायदाच आहे," भाची म्हणाली. "बांधणारा कसा चढेल, नंतर पुसणारा कुठं उभा राहील, ते मी रेघ मारतानाच बघायचं. आणि त्यासाठी सवड द्यायची ती तू. बांधून घेणारी तू आहेस. घाईत काही झालं, तर तुला माझ्या सहीमागं लपता येणार नाही."

"कडेवर घेऊन फिरवलं तुला, आणि तू मलाच कायदा शिकवतेस? परवा पाया खणायला माणसं येतायत. सही कर, नाहीतर मी दुसरी बघते."

आत्याचे ओठ हसत होते, डोळे नव्हते. भाचीला कळत होतं, हातचं काम जाईल, आत्या तुटेल, आणि दुसरी कुणीतरी हीच खिडकी इथंच काढून देईल.

भाची जिथं काम शिकली, तिथं सहीआधीची एक रीत होती. सबंध मजला गच्चीवर खऱ्या मापानं खडूनं आखायचा आणि घरच्यांना त्यात वावरायला लावायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आत्याच्या गच्चीवर भिंती आखल्या, पायऱ्या आखल्या, आणि जिन्याच्या मधली मोकळी पोकळी आखली. खऱ्या इमारतीत तिथून थेट तळमजल्याची फरशी दिसणार होती.

आत्या कमरेवर हात ठेवून गायलीच,

"खडूच्या घराला खडूचं गं दार,
भाचीच्या कायद्यानं आत्या बेजार!"

काकांनी तर आत येऊन दाराला कडीसुद्धा लावली.

"काका, आता खिडकी पुसा. ती समोरच्या भिंतीवर, तुमच्या डोक्याच्याही वर आहे."

काकांनी स्टूल आणलं. भिंतीशी हात पोचायचा तर ते पुढं सरकवायला हवं. दोन पाय शेवटच्या पायरीवर राहिले, दोन पोकळीत गेले. काका चढले आणि पुढं झुकून हवेतच फडकं फिरवू लागले. आत्यानं हसत हसत स्टूल धरलं, सहज खाली बघितलं, आणि हसू जिथल्या तिथं थांबलं.

"उतरा."

"थांब गं, कोपरा राहिलाय."

"आधी खाली उतरा म्हणते ना मी!"

खाली नुसती सपाट गच्ची. पडले असते तर गुडघा खरचटला असता, एवढंच. पण आत्याचा सूर फाटला होता. काका गपचूप उतरले. तिनं त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि उगीचच घडी घालत बसली.

"तुम्हाला नसतं चढवलं, तर दुसऱ्या कुणाला चढवलं असतं मी," ती हळूच म्हणाली. "तोही कुणाचा तरी असताच की."

"काढताना मीही ऊनच बघितलं आत्या, माणूस बघितलाच नाही." भाचीनं खडू उचलला. जिना वळतो तिथल्या ऐसपैस चौथऱ्याच्या भिंतीवर तिनं खिडकी खाली घेतली. आत उघडणारी, उभ्यानं हात पोचेल अशी.

"ऊन कमी येईल का गं?"

"थोडं कमी येईल. पण येईल ते लख्ख."

"आणि काढ नीट, सावकाश. माणसांना मी सांगते, थांबा म्हणून. घाई माझीच होती." आत्या पदर सावरत उठली. "चला, चहा टाकते."

खाली जायची सरळ वाट त्या पोकळीवरूनच होती. आत्यानं काकांचं कोपर घट्ट धरलं आणि खडूच्या रेघेच्या कडेकडेनं, चांगला वळसा घालून ती दाराशी आली.

"कडी काढा," ती म्हणाली.