जमिनीपर्यंत पोचणारी नळी

कंपनीच्या वकिलांनी डब्याखालची नळी दोन बोटांत उचलली, मेलेला उंदीर शेपटीने धरावा तशी.

"हाच तो महान शोध! हा जळणारा वायू हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. मग नळी खाली सोडायची. कोणालाही सुचेल! याला कशाला हवं पेटंट?"

खोलीत हशा पिकला. खुडबुड्या हसला नाही. हे नाव त्याला मेहुण्याने, ताईच्या नवऱ्याने, ठेवलेलं. घरातलं एकही घड्याळ धड न ठेवणाऱ्या बायकोच्या भावाला तो दुसरं काय म्हणणार! तोच मेहुणा याच कंपनीच्या तळघरात जळून गेला. वायू हुंगणारा डबा तेव्हा छताला होता. खाली भडका उडाला, वर डब्याचा दिवा मात्र धोका नसल्यासारखा हिरवागार. त्यानंतर खुडबुड्याने पंखे जाळले, बोटं भाजून घेतली, नोकरी घालवली आणि जमिनीलगतची हवा वर ओढणारी ही नळी डब्याला जोडली. आता कंपनीला तसाच डबा विकायचा होता, म्हणून त्याचं पेटंट रद्द हवं होतं.

त्याच्या वकीलबाई कुजबुजल्या, "उठा. इतकी वर्षं यांच्या इंजिनिअरांना हे का सुचलं नाही, एवढंच विचारा. जिंकलोच!"

तो उठला. मागच्या बाकावर ताई पर्सचा बंद बोटाला गुंडाळत बसली होती. नवऱ्याच्या मृत्यूबद्दल तिने लावलेला दावा शेजारच्या इमारतीत चालू होता. तिथे याच कंपनीने हात वर केले होते: वायू खाली साचेल आणि वरचा डबा गप्प राहील, हे कोणाच्या डोक्यात येणार?

ताईने मान वर केली नाही.

"बोला," सुनावणी घेणारे अधिकारी म्हणाले. "या कामातल्या साध्या माणसाला हे सहज सुचलं असतं?"

वकीलबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"सुचलं असतं," खुडबुड्या म्हणाला. "वकीलसाहेबांचं अगदी बरोबर आहे. कंपनीला तर केव्हाच सुचायला हवं होतं. आमचं दोघांचंही बोलणं नीट लिहून घ्या."

कंपनीचे वकील हसत खाली बसले. बसता बसता ते हसू अर्ध्यावरच अडकलं.

ताईने त्याला जिन्यात गाठलं.

"डोकं ठिकाणावर आहे का रे तुझं? सगळं घालवलंस!"

"डबा आहे की. तो थोडाच नेला कोणी?"

"खरं सांग. इतकं सहज सुचलं तुला?"

"सहज," तो म्हणाला आणि भाजलेली बोटं खिशात घातली.

ताईने डबा त्याच्या काखेतून ओढून घेतला. आजवर तिने त्याला हातसुद्धा लावला नव्हता.

"हा चालू कसा करतात?"

त्याने बटण दाबलं. आतला पंखा घरघरला. ताईने नळी पायरीला टेकेपर्यंत खाली सोडली आणि दिव्याकडे बघत उभी राहिली.